पाचवा शर्ट

माझ्या नवऱ्याला मी बत्तीस वर्षं ‘अहो’ म्हणत होते. आता त्याच्याबद्दल सांगताना ‘तो’ म्हणते, तर शेजारीण नाक मुरडते. म्हणते, गेलेल्या माणसाला अरे-तुरे करू नये. मी म्हटलं, जिवंत असतानाच सुरू केलं होतं, आता कशाला बदलू?  तिला सगळं सांगायचं तर पोस्टाच्या तिकिटांपासून सुरुवात करावी लागते, आणि तिकिटांचं नाव काढलं की लोक हसतात.

तो गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. आमच्याकडे इस्पितळाचे, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांचे, झाडूवाल्यांचे कपडे शिवले जात. करडा, खाकी, पांढरा, गडद निळा. एकतीस वर्षं त्याने हे चार रंग कापले. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं, आणि उभं पातं फिरतं त्या मशीनमधून सगळे थर एकदम काढायचे. मी त्याच कारखान्यात काज-बटणाला होते. आमच्या विभागात बायका बडबड करत; त्याच्या विभागात पात्याच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नसे. घरी आल्यावरही तो तसाच, दहा शब्दांच्या वर जायचा नाही.

पण घरी त्याला रंग लागायचे. विडी नाही, पत्ते नाहीत, तिकिटं. तीही सगळी नाहीत, ज्यांच्यावर कपडे आहेत तेवढीच. शिपायांचे डगले, नाचणाऱ्या बायकांचे झगे, कुठल्या कुठल्या देशांच्या टोप्या. पक्ष्यांची, विमानांची, पुढाऱ्यांच्या तोंडांची तिकिटं फुकट दिली तरी घ्यायचा नाही. “त्याला शिवण कुठाय?” म्हणायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. घरात पत्र आलं की आधी त्याच्या हातात जायचं. तो पाकिटाचा तिकिटाचा कोपरा कापायचा, भोवती बोटभर जागा सोडून. कोपरा कोमट पाण्याच्या वाडग्यात. तिकीट सुटून वर आलं की चिमट्याने उचलून फडक्यावर, मग थंड इस्त्रीखाली दोन दिवस. पत्र वाचायचं ते त्यानंतर. आणि कोपरा कापताना पाकिटाचे पुढचे-मागचे दोन्ही पदर एकदम कापायचा. साठ थर एका दमात कापणारा माणूस, एकेक पदर वेगळा काढणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे आमच्या घरातली सगळी पत्रं एका कोपऱ्याने लंगडी. नातेवाइकांना माहीत होतं, मास्तरच्या घरी लिहायचं तर तिकिटाच्या मागच्या बाजूला काही लिहायचं नाही. माझ्या भावाने एकदा तिथे स्वतःच्या लग्नाची तारीख लिहिली. तारीख वाडग्यात विरघळली आणि आम्ही नवे कपडे घालून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, ती ही गोष्ट सांगून सांगून लोटपोट व्हायची.

मुलीला तो चिमटी म्हणायचा, कारण चिमटा धरायची ती. त्याची बोटं जाड, पात्याने कापून कापून निबर झालेली. ओलं तिकीट त्याच्याकडून फाटायचं. हिच्या हातून कधी फाटलं नाही. दोघं टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसायची आणि मी ओरडायचे, जेवायला येताय की ताटं वाडग्यात बुडवू?

तिकिटांच्या दुकानदाराकडे एक जाडजूड यादी होती, चित्रांसकट. त्यात एकदा दोघांनी पाच तिकिटांचा एक संच पाहिला. हवाई बेटांवर घालतात ते फुलाफुलांचे शर्ट. एकेका तिकिटावर एकेक शर्ट, हँगरला लावल्यासारखा. एक लाल, जास्वंदीचा. एक निळा, त्यावर मासे. एक पिवळा, अननसाचा. एक हिरवा, माडांचा आणि होड्यांचा. आणि पाचवा काळा, त्यावर पांढरा-पिवळा चाफा. दुकानदाराकडे त्यातलं एकही नव्हतं. नवऱ्याने त्या दिवशी यादी मागून घरी आणली आणि भिंग लावून मला पाचव्याचं चित्र दाखवलं. “खिसा बघ,” म्हणाला. मी म्हटलं, खिसा नाहीच आहे. तर हा खुदकन हसला, वर्षातून एकदा हसायचा तसा. “आहे. खिशावरचं फूल अंगावरच्या फुलाला असं जोडलंय की शिवण हरवली. कापणाऱ्याचं काम आहे हे. आम्ही इथे काय कापतो? पोती.”

चिमटी अठराव्या वर्षी कारखान्यात लागली, त्याच्याच टेबलावर. पहिल्या वर्षी तिने कुठूनसं पडद्याचं कापड मिळवलं, मोठमोठ्या फुलांचं, आणि बापाला शर्ट शिवला. त्याने तो उलटासुलटा केला, उजेडात धरला, छातीवर बोटं फिरवून शेवटी चाचपत विचारलं, “खिसा कुठाय?” त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही. ती हवेत होती आठवडाभर. शर्ट मात्र त्याने घातला नाही. कटिंग मास्तरने फुलं लेवून हिंडायचं का, म्हणाला आणि कपाटात ठेवला.

मग ते बोटांचं झालं.

इस्पितळाच्या कपड्यांचं काम अंगावर आलेलं होतं. पात्यापुढे लोखंडी जाळी असते, हात जाऊ नये म्हणून. जाळी असली की कापड सावकाश सरकतं. याने जाळी काढून ठेवली. मला घरी जेवताना सांगितलंही, “दोन दिवसांसाठी काढलीय, साहेबांनी डोळेझाक केलीय.” मी म्हटलं, जपून. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी कापड ओढणाऱ्या लांब्याची दोन बोटं गेली. लांब्या म्हणजे ताडासारखा उंच, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चिमटी कापडाचं दुसरं टोक धरून उभी होती. थरांवर रक्त उतरलं ते विसाव्या थरापर्यंत गेलं होतं, असं ती त्या दिवशी मला म्हणाली आणि मग जेवली नाही.

चौकशी झाली. जाळी तोवर परत बसवलेली होती. सगळे म्हणाले, आम्ही पाहिलं नाही. साहेब म्हणाले, लांब्याचा हलगर्जीपणा. मलाही बोलावलं. मी म्हटलं, मी काज-बटणाला, मला काय माहीत? चिमटीला बोलावलं तर तिने सांगितलं. जाळी नव्हती, बाबांनी काढली होती, साहेबांना माहीत होतं. साहेबांचं काही वाकडं झालं नाही. याला घरी बसवलं.

त्या संध्याकाळी तो तिला म्हणाला, “माझ्या घरात साक्षीदार नको.” ओरडला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी ताटं मांडत होते, मी ताटंच मांडत राहिले. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. मूग गिळून बसायची सवय होती मला, घरात आणि कारखान्यात. आठवड्याच्या आत ती गेली. समुद्रापलीकडे, कारखान्यातल्याच एका मैत्रिणीच्या ओळखीने, कुठल्याशा शिवणकामाच्या जागी.

चार वर्षं. मी रोज कामावरून आले की विचारायचे, काही आलं का? पोस्टमन अकराला यायचा, मी तेव्हा कारखान्यात. घरी तोच असायचा, खोकत. कापडाची धूळ फुप्फुसात बसलेली, काम सुटल्यावर त्या धुळीने डोकं वर काढलं. तो म्हणायचा, “नाही.” पहिल्या वर्षी मी रडले. दुसऱ्या वर्षी मला राग यायला लागला. तिसऱ्या वर्षी मी बायकांना सांगायचे, दगड जन्माला घातला मी, बापाशी भांडण आहे तर आईने काय घोडं मारलंय? काय काय बोलले मी तिला. जीभ झडायला हवी होती.

याच काळात त्याच्या अल्बमात शर्ट यायला लागले. आधी लाल. मग सहा-सात महिन्यांनी निळा, पिवळा, मग हिरवा. मी विचारलं तर म्हणाला, अदलाबदलीत मिळाले. मला बरंच वाटलं, म्हटलं माणसाला काहीतरी विरंगुळा. पण तो काही खूश दिसायचा नाही. अल्बम उघडून त्या चारांसमोर बसायचा, पाचव्याची जागा रिकामी, आणि तिकडेच बघत राहायचा. भिंग टेबलावर पडलेलं असायचं. मी ते एकदा जरी उचललं असतं तरी मला चारही तिकिटांवर एकाच गावाचा शिक्का दिसला असता. मी धूळ पुसताना भिंग उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

मग तो दिवस. कारखान्यात वीज गेली म्हणून आम्हाला दुपारी सोडलं. मी घरी आले तर दार उघडं. तो टेबलाशी बसलेला, समोर वाडगा, हातात एक कागद. मी आले तरी मान वर केली नाही. मला वाटलं, याला काही झालं. जवळ गेले तर वाडग्यात काळा शर्ट तरंगत होता, चाफ्याचा. आणि पाणी निळं झालं होतं.

“काय झालं?” मी म्हटलं.

त्याने कागद माझ्याकडे केला. अक्षर ओळखायला मला क्षण लागला नाही. मी खाली बसूनच वाचलं. ते पत्र मला पाठ आहे.

‘बाबा, आईच्या नावाने चार पत्रं पाठवली. चारही परत आली. नव्या पाकिटात घातलेली, वर तुमचं अक्षर, आत माझं पत्र न उघडलेलं, कोपरा कापलेला. ती तिकिटं मी मुद्दाम शोधून लावत होते. वाटायचं, शर्ट बघून तरी तुमचा राग उतरेल. तुम्ही शर्ट घेतलेत आणि मला परत पाठवलंत. आईला यातलं माहीत आहे की नाही, मला कळत नाही. माहीत असलं तर तिला काही सांगू नका.

‘हे पाचवं. आता लावायला माझ्याकडे शर्ट उरले नाहीत. मी ते गाव सोडलंय. नवा पत्ता या वेळी तिकिटाच्या मागे लिहिलाय, बरोब्बर मागे. तुम्हाला तिकीट हवं असेल तर पत्ता जाईल, मग हे पत्र तरी तुम्हाला परत पाठवता येणार नाही. आणि पत्ता हवा असेल तर तिकीट तसंच राहू द्यावं लागेल. या महिन्याच्या अखेरपर्यंत मी तिथे आहे, मग पुढे जाईन. उत्तर आलं नाही तर मी समजेन. परत लिहिणार नाही. मला काही नको, बाबा. तुम्ही काय निवडलंत तेवढं कळू दे. लांब्याच्या बोटांबद्दल मी जे बोलले ते पुन्हा विचारलं तरी तेच बोलेन. तुमची चिमटी.’

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, “कुठाय पत्ता?”

तो वाडग्याकडे बघत होता.

“मी आधी कापलं,” म्हणाला. “पाचवा होता ना. हात गेला. मग पत्र उघडलं.”

“चार पत्रं माझ्या नावाची होती,” मी म्हटलं.

“हो.”

“माझ्या नावाची. आणि मी रोज विचारत होते.”

“हो.”

“मग हे का उघडलंस?”

तो माझ्याकडे बघायला लागला, कारण मी ‘उघडलंस’ म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाला, “माझ्या नावाचं होतं. आणि आता मला परत पाठवायचं नव्हतं. खरं सांगतो. उत्तर लिहिणार होतो.”

त्याचं खरं होतं, हेच तर वाईट. खोटं बोलला असता तर मी वाडगा त्याच्या डोक्यात घातला असता. मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. मेल्या म्हटलं, आणि मग पुढेही बरंच. त्याने सगळं ऐकून घेतलं. खोकला आला तेवढा खोकला, आणि परत ऐकत राहिला.

मागचा पदर आम्ही चिमट्याने उचलला. म्हणजे मी उचलला, त्याच्या जाड बोटांनी फाटला असता. ओल्या कागदावर निळसर डाग तेवढे होते. तिला शाईचं पेन यानेच घेऊन दिलं होतं, शाळेत पहिली आली तेव्हा. कागद फडक्यावर वाळवला, त्याने भिंग लावलं, मी लावलं, खिडकीशी नेलं, दिव्यासमोर धरला. एक चार दिसत होता, की नऊ. शेवटी दोन अक्षरं, रस्त्याच्या नावाची असतील. तिकिटावरचा शिक्का अर्धाच उमटला होता, त्यावर गावाच्या नावाचा शेपटाकडचा भाग. ते पाणी मी तीन दिवस ओतलं नाही. वेडेपणाच, पण पत्ता त्यात होता. चौथ्या दिवशी त्यावर साय धरली तेव्हा मोरीत ओतलं.

मी पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईने भिंगाशिवायच सांगितलं, या शेपटाची गावं तिथे दहा-बारा असतील. “बाई, तिकीट कापायच्या आधी मागे बघायचं ना,” असंही म्हणाली. मी म्हटलं, बघायचं होतं. भावाकडे गेले, कारखान्यातल्या त्या मैत्रिणीच्या घरी गेले; ती मैत्रीण लग्न होऊन कुठल्या कुठे गेलेली, तिच्या आईला काही माहीत नव्हतं. महिना संपायला अकरा दिवस होते.

जुना पत्ता त्याला पाठ होता. चार वेळा स्वतःच्या हाताने लिहिलेला. त्याच पत्त्यावर त्याने पत्र लिहिलं, तिथलं कोणीतरी पुढे पाठवील म्हणून. तीन दिवस लिहीत होता. काय लिहिलं ते मला दाखवलं, फार नव्हतं. ‘जाळी मी काढली होती. तू खरं बोललीस. तिकीट हाताच्या सवयीने कापलं, तुला टाकून नाही. ये.’ खाली मी लिहिलं, ‘मला आज कळलं. आई.’ मी आणखी लिहिणार होते, पण माझं अक्षर वाकडंतिकडं यायला लागलं. पाकिटावर मी जाडजूड अक्षरात लिहिलं, कृपया पुढे पाठवा. पोस्टात टाकायला तो स्वतः चालत गेला. दोन ठिकाणी कट्ट्यावर टेकत, पण मला पाकीट हातात दिलं नाही.

महिना संपला. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, दोघांनी चिवडल्यासारखं खाल्लं, झाकून ठेवलं.

मग तो अंथरुणालाच लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं कापसाने भरलेल्या उशीसारखी झालीत, आता फक्त बघायचं. मी कारखाना सोडला. आता अकराला घरी मी असायचे. आतल्या खोलीतून तो विचारायचा, “काय आलं?” आणि मी म्हणायचे, “काही नाही.” चार वर्षं हीच प्रश्नोत्तरं झाली होती आमच्यात, फक्त आता बाजू बदलल्या होत्या.

सातव्या आठवड्यात पोस्टमनने माझ्या हातात आमचंच पाकीट ठेवलं. त्याचं अक्षर, माझं जाडजूड ‘कृपया’. वर तिथल्या पोस्टाचा शिक्का, माणूस गेला, पुढचा पत्ता नाही. कोणी उघडलेलं नव्हतं. मी दारात उभी होते.

“काय आलं?” आतून.

“काही नाही,” मी म्हटलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “म्हणजे पोचलं. परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. मला माहितीये ना, परत यायला किती दिवस लागतात ते.”

“पोचलं असेल,” मी म्हटलं आणि पाकीट बटणांच्या डब्यात तळाशी घातलं. त्याने चार पत्रं दडवली, मी एक. त्याला सुखाने जाऊ द्यावं म्हणून दडवलं की त्याची जिरवावी म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही होतं. सकाळी त्याला चमच्याने पेज भरवताना दया यायची, आणि दुपारी तो “पोचलं असणार” म्हणाला की वाटायचं, डबा आणून अंथरुणावर उपडा करावा.

तो आणखी दोन महिने जगला, त्या पत्राच्या उत्तराची वाट बघत. हळूहळू हिशेब लावायचा. ती दुसऱ्या गावी गेली असेल, पत्र मागून गेलं असेल, मग ती लिहील, मग ते इथे येईल. रोज एकेक टप्पा पुढे. एकदा म्हणाला, “चिमटी आली की अल्बम तिला दे. पाचवा अजून चिकटवला नाहीये, तिच्या हातून चिकटवू दे. माझ्याने फाटेल.” मी बरं म्हटलं. शेवटच्या आठवड्यात दारावर काहीही वाजलं की डोळे उघडायचा. गेला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. पोस्टमन यायच्या आधी.

कपडे घालायची वेळ आली. त्याच्याकडे करडे शर्ट होते सहा, कारखान्याच्याच कापडाचे. मी कपाटातून पडद्याच्या कापडाचा तो शर्ट काढला. घड्यांवर पिवळा पडला होता, फुलं मात्र तशीच. कारखान्यातून आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. लांब्याही आला होता, तीन बोटांचा हात खिशात घालून. त्यानेच मला बाही चढवायला मदत केली. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, ताई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, म्हणू देत, तुझ्या लग्नाला तरी कुठे वेळेवर आलो होतो आम्ही. 

अल्बमातून मी चार शर्ट काढले, पाचवा कागदाच्या पुडीत होता तो घेतला. पाचही त्याच्या खिशात घालायचे होते. खिसा काही केल्या सापडेना. फुलावर फूल इतकं नेमकं बसवलं होतं पोरीने. मला त्याच्या छातीवरून बोटं फिरवत, चाचपत खिशाची कड शोधावी लागली. मग घातले.

चिमटीला द्यायचे होते, हे मला माहीत आहे. तो म्हणाला होता. पण तिला द्यायला पत्ता हवा ना. तिचं पत्र मात्र मी ठेवलंय, कोपरा नसलेलं. त्या पत्राबरोबर आमचं परत आलेलं पाकीटही. त्यावरचं तिकीट मी कापलेलं नाही.

शेजारीण म्हणते, बाई, देवावर भरवसा ठेवा, पोर समजूतदार आहे, बापाच्या मनात काय होतं ते तिला कळलंच असेल. मला तिचा राग येतो. पोर कुठेतरी बसून महिनाअखेर मोजत होती, आणि उत्तर पोचलं नाही. तिला वाटलं असेल, बाबांनी तिकीट घेतलं. तिला काही चुकीचं वाटलेलं नाही. त्याने तिकीटच घेतलं.